बोरीकाठच्या गावाचा नकाशा : सहावी-सातवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आज सुरुवात केली. सहावी-सातवी मिळून एकतीस मुलं, आज हजर तेवीस. बाकीची कापूस वेचायला गेली आहेत. २६ जानेवारीपर्यंत आपल्या गावाचा नकाशा करायचा, मुलांनीच मोजायचं, मुलांनीच काढायचं, एवढं पक्कं केलं आहे. सध्याचा विचार शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवण्याचा आहे.

आधी काहीच शिकवलं नाही. प्रत्येकाच्या हातात कोरा कागद दिला आणि घरून शाळेत येण्याची वाट काढायला सांगितली. चित्रं फार बोलकी आली. जवळजवळ सगळ्यांनी घर कागदाच्या खालच्या कडेला काढलं आणि शाळा वरच्या कडेला, कारण चालताना शाळा पुढे असते. एकाचा बकऱ्यांचा गोठा मारुतीच्या देवळाहून मोठा. एका मुलीने वळणावरचं कुत्रं काढलं, कारण तिथे ती रोज थांबते आणि कुणी मोठं माणूस येईपर्यंत पुढे जात नाही. या कागदांवरून कुणीही त्यांच्या घरी पोचेल, इतके ते खरे आहेत.

मग दोन शेजाऱ्यांचे कागद शेजारी ठेवले. एकच गल्ली, पण जुळेना. एकाच्या कागदावर ती आडवी, दुसऱ्याच्या उभी. एकाकडे बोटभर, दुसऱ्याकडे वीतभर. मुलं कागद फिरवून फिरवून दमली. "वर कोणती बाजू ठेवायची ते आधी ठरवायला पायजे होतं," असं सातवीतली एक मुलगी म्हणाली. नकाशाचा पहिला धडा तिने माझ्या आधी सांगितला. या कागदांना आराखडा म्हणायचं. त्याला दिशा, प्रमाण आणि खुणांची सूची मिळाली की नकाशा होईल.

४ डिसेंबर, बुधवार

आजचा तास दिशांचा होता, पण गेला सगळा नदीवर.

भिंतीवरच्या जळगाव जिल्ह्याच्या नकाशात बोरी शोधायला लावली. सहावीतला एक मुलगा पुढे आला. पारोळ्याकडून बोट निघालं, अमळनेरवरून सरकत तापीला भिडलं. तिथेच तो थांबला आणि मागे वळून म्हणाला, "मॅडम, नदी ते वर जाई ऱ्हायनी!" नदी तर वर जातेय, असं त्याचं म्हणणं.

वर्ग आधी गप्प झाला आणि मग एकदम भांडायला लागला. पाणी खाली वाहतं हे सगळ्यांना माहीत आहे. मग नकाशा चुकला का? एकीने तोडगा काढला: हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, डोंगर उंच असतो, म्हणून नकाशात उत्तर वर. तर्क चांगला होता. पण मग बोरी डोंगर चढून जाते का, असं दुसऱ्याने विचारलं आणि पुन्हा गोंधळ.

मी नकाशा भिंतीवरून उतरवला, बाहेर ओट्यावर पसरला आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे केली. सगळी भोवती उभी राहिली. "आता दाखवा, बोरी कुठे चालली?" सगळ्यांचे हात एकाच वेळी उठले, नदी खरोखर जिकडे जाते तिकडे. वर-खाली हा प्रश्नच राहिला नाही. नदी समोर गेली, बस.

मग फळ्यावर खानदेशाचा आडवा छेद काढला. दोन छपरांच्या मध्ये पन्हळ असते तशी तापी. उत्तरेकडचं छप्पर सातपुड्याचं, त्यावरून अनेर, सुकी, मोर दक्षिणेला उतरतात. आपलं छप्पर दक्षिणेकडचं, त्यावरून गिरणा, बोरी, पांझरा उत्तरेला उतरतात. पन्हळीतलं पाणी पश्चिमेला जातं. मध्य प्रदेशात मुलताईला निघालेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतजवळ समुद्राला मिळते. म्हणजे भिंतीवरच्या नकाशात आपल्या नद्या वर जाताना दिसतात, पलीकडच्या खाली येताना, आणि जमिनीवर दोन्ही उतारानेच वाहतात. नकाशातलं वर म्हणजे फक्त उत्तर. उंची सांगायला वेगळी सोय असते, रंग किंवा समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा.

पुणे-मुंबईकडे ठरलेल्या उदाहरणांतून हे इतक्या जोरात समोर येत नसावं. बोरीकाठच्या मुलाला ते रोजच्या पाण्यात दिसतं. पुढच्या वर्षी दिशांचा धडा मी इथूनच सुरू करणार.

६ डिसेंबर, शुक्रवार

होकायंत्राने उत्तर दाखवता आली असती, पण मुलांनी ती सावलीतून काढावी अशी इच्छा होती. मैदानात एक मीटरचा दांडा रोवला. ओळंबा लावून सरळ केला. त्याच्याभोवती दोरीने १२० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. सकाळी सावली वर्तुळाबाहेर होती, ती आखडत आली आणि १० वाजून ३९ मिनिटांनी टोक वर्तुळाला टेकलं. तिथे खिळा. दुपारी सावली पुन्हा लांबत गेली आणि २ वाजून ३ मिनिटांनी दुसऱ्या बाजूने वर्तुळाबाहेर पडली. तिथे दुसरा खिळा. दोन खिळ्यांमधली रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, तिच्यावर काटकोनात काढलेली रेघ उत्तर-दक्षिण. यज्ञवेदी आखणाऱ्यांनी शुल्बसूत्रांच्या काळापासून हीच रीत वापरली. मुलांना हेही सांगितलं की आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला होता.

सर्वांत आखूड सावली भरली ९५ सेंटिमीटर, पण ती १२ वाजता पडली नाही. १२ वाजून २१ मिनिटांनी पडली. घड्याळ पुढे आहे का, असं तिघांनी विचारलं. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळून जाते ती. आपण जवळपास ७५° पूर्वेवर. फरक साडेसात अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्याशी ३० मिनिटं उशिरा येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे, त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळापेक्षा ९ मिनिटं लवकर माध्यान्ही येतो. ३० वजा ९, एकवीस. फळ्यावर उत्तर जुळलं तेव्हा मागच्या बाकावरून टाळी आली.

होकायंत्रही लावून पाहिलं. दांड्यापाशी रेघेला जुळलं. हातपंपाजवळ नेलं तर सुई भरकटली, मोटारसायकलजवळ आणखीच. लोखंडापासून लांब उभं राहायचं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून शाळेच्या कामाला तो सोडून दिला तरी चालतं.

९ डिसेंबर, सोमवार

मोजणीला सायकल वापरली. चाकाच्या एका आरीला लाल चिंधी बांधली, टायरला खडूची खूण केली, एक फेरा जमिनीवर मोजला: २.१ मीटर. एकाने सायकल ढकलायची, दोघांनी चिंधी मोजायची, एकाने वहीत लिहायचं.

वेशीपासून नदीच्या पायऱ्यांपर्यंतची मोठी गल्ली पहिल्यांदा १४७ फेरे भरली, दुसऱ्यांदा १४९. म्हणजे ३०८.७ मीटर आणि ३१२.९ मीटर. खरं कोणतं यावर दोन गट पडले. मी विचारलं, हा चार मीटरचा फरक कागदावर किती दिसेल? १:१००० प्रमाणावर १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर, तेव्हा ४ मिलिमीटर. डोळ्याला सहज दिसतो. १:५०,००० वर तो एक दशांश मिलिमीटरही भरत नाही, पेन्सिलीच्या रेघेतच बुडतो. तेव्हा आपल्या नकाशाला तो फरक चालणार नाही. तिसऱ्यांदा ३० मीटरच्या टेपने मोजलं: ३०९ मीटर. दुसऱ्या खेपेला बैलगाडीला वाट द्यायला मुलं बाजूला झाली होती, ते दोन फेरे तिथले.

११ डिसेंबर, बुधवार

आज चूक झाली आणि ती माझी होती.

सरावासाठी शाळेच्या आवाराचा नकाशा ए-३ कागदावर काढला होता. प्रमाण १:२००, वर फक्त आकडा लिहिलेला. वर्गात वाटायला त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या, दुकानात ए-३ नव्हता म्हणून ए-४ वर. मुलांना सांगितलं, नकाशावरून आवाराची लांब भिंत किती मीटर ते काढा. भिंत खरी ६० मीटर आहे, मूळ कागदावर ३० सेंटिमीटर. सगळ्या गटांचं उत्तर आलं सुमारे ४२ मीटर. मी दोनदा त्यांचीच आकडेमोड तपासली. ती बरोबर होती.

छोट्या कागदावर चित्र ७१ टक्के झालं होतं आणि "१:२००" हा आकडा तसाच राहिला होता. ३० सेंटिमीटरची रेघ २१ वर आली, दुप्पट करून ४२ मीटर. अठरा मीटर भिंत माझ्या आकड्यामुळे गेली.

हाच प्रमाणाचा धडा झाला. संख्याप्रमाण १:२०० असं लिहितात, ते कोणत्याही एककात चालतं. शब्दप्रमाण "१ सेंटिमीटर = २ मीटर" असं सांगतात, ते वाचायला सोपं. पण नकाशा लहान-मोठा झाला की ही दोन्ही खोटी ठरतात. रेषाप्रमाण म्हणजे नकाशाच्या तळाशी काढलेली मापाची पट्टी. ती चित्रासोबत आखडते आणि चित्रासोबत वाढते, म्हणून खरी राहते. मूळ कागदावर पट्टी काढली, पुन्हा ए-४ वर प्रत आणली, दोऱ्याने भिंत मापून तो दोरा पट्टीवर ठेवला. ६० मीटर. आता आमच्या प्रत्येक कागदावर पट्टी असेल. मोबाईलवर चिमटीने नकाशा लहान-मोठा करतो तेव्हा कोपऱ्यातली छोटी रेघ बदलत असते, ती हीच, हे एका मुलाने घरून पाहून येऊन सांगितलं.

१४ डिसेंबर, शनिवार

सातवीतल्या एका मुलीचे आजोबा, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, सात-बारा आणि गावनकाशाची जुनी प्रत घेऊन शाळेत आले. मुलांनी असा नकाशा पहिल्यांदा पाहिला. ना डोंगर, ना रंग, नुसते गट नंबर, बांध आणि शिवेची रेघ. तळाशी प्रमाण: १ इंच = २० साखळ्या.

आबांनी साखळीचा हिशोब सांगितला. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस, ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. गुंठा हा शब्द मुलं जन्मापासून ऐकतात, पण तो साखळीचा चौरस आहे हे मलाही वर्गात कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. मग प्रमाण काढलं: २० साखळ्या म्हणजे ६६० फूट, ६६० गुणिले १२ म्हणजे ७९२० इंच. १:७९२०. आबा म्हणाले, "आम्हना बांध बोटवर कळस," म्हणजे आमचा बांध बोटावर कळतो. शीव कुठे आहे ते त्यांनी नकाशा न पाहता सांगितलं आणि नकाशावर बोट ठेवलं तर ते तिथेच होतं.

त्यांच्या पेटीतल्या आणखी एका कागदावर "जिल्हा पूर्व खानदेश" लिहिलेलं होतं. त्यावर पुढच्या नोंदीत.

१८ डिसेंबर, बुधवार

कपाटातला कापडावर चिकटवलेला महाराष्ट्राचा जुना नकाशा काढला. घडीवर विरला आहे. मुलांना नंदुरबार जिल्हा शोधायला सांगितलं, सापडेना. गाव सापडलं, जिल्हा नाही, सगळा धुळेच. धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, नकाशा त्याच्या आधीचा. आणि आबांचा कागद त्याच्याही आधीचा: १९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, पुढे पूर्व खानदेशाचा जळगाव झाला आणि पश्चिमेचा धुळे.

कोणता नकाशा बरोबर, असा प्रश्न आला. तिन्ही बरोबर, आपापल्या सालात. जुन्या नकाशावर साल छापलेलं होतं पण तो कोपरा उंदरांनी खाल्ला होता, त्यामुळे जिल्ह्यांवरून साल ओळखावं लागलं. आमच्या नकाशावर महिना आणि साल ठळक लिहायचं, ठराव झाला.

२३ डिसेंबर, सोमवार

नदीपलीकडचं महादेवाचं देऊळ नकाशावर कसं आणायचं? पात्रात पाणी आहे, धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलंय. टेप पलीकडे नेता येत नाही.

काठावर सरळ ६० मीटरची रेघ मोजली, दोन्ही टोकांना खुंटी. स्टुलावर ड्रॉइंग बोर्ड, त्यावर कागद. कागदावर ही रेघ ६ सेंटिमीटर. पहिल्या खुंटीवर बोर्ड ठेवून, कागदावरची रेघ दुसऱ्या खुंटीच्या दिशेने लावून, पट्टीच्या कडेने देवळाचा कळस पाहिला आणि रेघ ओढली. मग बोर्ड दुसऱ्या खुंटीवर नेला, पुन्हा तसंच. दोन रेघा जिथे छेदल्या तिथे देऊळ. पाण्यात पाय न घालता. मुलं अक्षरशः उड्या मारत होती, आणि खरं सांगायचं तर मीही मनातून.

देशाचं मोठं मोजमाप याच रीतीने झालं. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थानभर काम सरकत गेलं. ते काम करतानाच १८२३ मध्ये त्यांचं निधन झालं, आपल्या महाराष्ट्रात, हिंगणघाटला. पुढे याच त्रिकोणांवरून हिमालयाची शिखरं मोजली गेली.

(३० डिसेंबरची जोड: आवर्तन बंद झालं. पात्रातून टेप नेला. कागदावर पहिल्या खुंटीपासून देऊळ ९२ मीटर होतं, टेपने ९५. स्टूल रेतीत थोडं खचलं होतं. तीन मीटर दुरुस्त केले.)

२७ डिसेंबर, शुक्रवार, रात्र

पालकांना विचारून बारा मुलं, सोबत चार पालक, शाळेच्या मागच्या मैदानात. कोनमापकाला शीतपेयाची नळी चिकटवली, मध्यातून दोरा आणि टोकाला नट. नळीतून तारा पाहायचा, दोरा कुठे पडतो ते दुसऱ्याने वाचायचं.

डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, म्हणून शर्मिष्ठा तारकासमूहावरून ध्रुव शोधला. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतावर, तसा बुटकाच. पाच वाचनं आली: १८, २०, २२, २३, २१. सरासरी २०.८ अंश. ध्रुव ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपलं अक्षवृत्त. आपल्या भागातून २१° उत्तर जातं. ध्रुवही खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, तेव्हा नळी-दोऱ्याला यापेक्षा जास्त मागू नये.

२१ अंश, दर अंशाला साधारण १११ किलोमीटर, म्हणजे विषुववृत्त आपल्यापासून सुमारे २३३० किलोमीटर. एक पालक, ट्रक चालवतात, म्हणाले की एवढी लांब खेप कन्याकुमारीलाही होत नाही. बरोबर आहे, कन्याकुमारीच्या पुढेही आठ अंश समुद्र आहे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

तालुक्याच्या कॉलेजातून भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलनिर्देशक पत्रकं दोन दिवसांसाठी मिळाली. १:५०,०००, प्रत्येक पत्रक पंधरा मिनिटं अक्षांश, पंधरा मिनिटं रेखांश. ४६ क्रमांकाचा मोठा चौकोन, त्यातले ओ आणि पी. २१° ची रेघ दोघांची हद्द आहे, त्यामुळे आमचा निम्मा शिवार एका पत्रकावर आणि निम्मा दुसऱ्यावर. टेबलावर कडेला कड लावून गाव जोडलं.

समोच्चरेषांवर फार वेळ दिला नाही. गाव सपाट, वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या रेषांतली एखादीच आमच्या जवळून जाते. रेषा दाटीने असल्या तर चढ उभा, विरळ असल्या तर सपाट, एवढं दाखवून पुढे गेले.

वाद झाला रंगांवर. पाणी निळं, झाडी हिरवी, शेती पिवळी, वस्ती आणि रस्ते लाल, समोच्चरेषा तपकिरी. मग बोरी निळी हवी ना? पत्रकावर कोरडं पात्र निळं दाखवत नाहीत. पाणी असेल तिथेच निळा. मुलींना नदी निळीच हवी होती. मेंढ्या राखणारा एक मुलगा, जो वर्गात सहसा बोलत नाही, उभा राहिला आणि त्याने महिने मोजून दाखवले: पावसाळ्यात भरून, मग डोहात, आवर्तन सुटलं की पंधरा दिवस, उन्हाळ्यात नुसती वाळू. "निळी काढली तर नवा माणूस मेंढ्या घेऊन येईल आणि उपाशी जाईल." त्यानंतर कुणी बोललं नाही. ठरलं: पात्र वाळूच्या रंगाचं, त्यातून बारीक निळी धार, आणि जिथे उन्हाळ्यातही पाणी राहतं त्या दोन डोहांना भरीव निळा. सूचीत तिन्हींचा अर्थ लिहायचा.

८ जानेवारी, बुधवार

कच्चा नकाशा कार्डशीटवर पुरा झाला. पूर्व-पश्चिम ६४० मीटर, उत्तर-दक्षिण ४८० मीटर, १:१००० वर ६४ गुणिले ४८ सेंटिमीटर. चौकट मी आखली होती. वर्गात लावला. प्रत्येकजण आपलं घर शोधून नाव लिहीत होता.

सातवीतली एक मुलगी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "मॅडम, आमची वस्ती कुठे आहे?"

नव्हती. नाल्यापलीकडची आदिवासी वस्ती, चाळीसेक घरं, चौकटीच्या बाहेर पडली होती. चौकट आखताना मी वेशीपासून मोजलं आणि पूर्वेला क्रिकेटचं रिकामं मैदान सगळं घेतलं, कारण तिथपर्यंत कागद पुरत होता. पश्चिमेला नाला आला, मी रेघ मारली. विचार करून वगळलं नाही, पण वगळलं गेलं, आणि ती मुलगी पाच आठवडे चाक ढकलत होती, फेरे मोजत होती.

तिची क्षमा मागितली, सगळ्यांसमोर. मग काम केलं. चौकट ८० मीटर पश्चिमेला सरकवली. मैदान अर्धं गेलं, क्रिकेटवाल्यांनी कुरकुर केली नाही. दुपारी सगळे नाल्यापलीकडे गेलो. तिने पुढे राहून वाटा दाखवल्या: पावसाळ्यात नाला ओलांडायची दगडांची जागा, हातपंप, देवाचं झाड. दगडांच्या जागेला सूचीत खूण नव्हती, तिने तीन ठिपक्यांची नवी खूण केली. पूल कुठे आहे हे गावातल्या सगळ्या नकाशांत असतं. पूल नसलेल्या जागी माणसं कशी येतात-जातात हे आता आमच्या नकाशात आहे.

नकाशात काय घ्यायचं हे नकाशा करणारा ठरवतो, हे वाक्य मी दरवर्षी पाठ्यपुस्तकातून वाचून दाखवते.

१० जानेवारी, शुक्रवार

थोडंसं बाहेरचं. पृथ्वीगोल आणि जगाचा सपाट नकाशा. मोसंबीवर पेनाने खंड काढले, साल एका तुकड्यात सोलली आणि बाकावर दाबली. फाटली. गोल सपाट करायचा तर कुठेतरी फाडावं लागतं किंवा ताणावं लागतं. मर्केटर यांनी १५६९ साली जो नकाशा केला त्यात दिशा नीट राहतात, खलाशांना तेच हवं होतं, पण ध्रुवांकडचे प्रदेश फार ताणले जातात. त्या नकाशात ग्रीनलंड भारताच्या कित्येक पट दिसतं. खरं क्षेत्रफळ ग्रीनलंडचं सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारताचं ३२.९ लाख. आमच्या गावापुरता हा प्रश्न येत नाही, साडेसहाशे मीटरांत पृथ्वी सपाट मानली तरी चालते. मोसंबी खाल्ली.

१६ जानेवारी, गुरुवार

भिंत रद्द. नकाशा पटांगणातल्या सिमेंटच्या कोब्यावर काढायचा.

ही सूचना मुलांची. भिंतीवर काढला तर बोरी पुन्हा आभाळाकडे जाईल, असं नदीवाल्या मुलाने म्हटलं. शाळेची दर्शनी भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. तिच्याकडे पाहणाऱ्याचं तोंड पश्चिमेला, उत्तर उजव्या हाताला, आणि नकाशातली उत्तर वर. लहान मुलांना आणि कागद न वाचणाऱ्या माणसांना हे दोनदा फिरवून वाचावं लागतं. कोब्यावर ६ डिसेंबरची उत्तर-दक्षिण रेघ सुतळीने पुढे नेली, नकाशा तिच्यावरच बसवायचा. मग नकाशातली गल्ली खऱ्या गल्लीला समांतर, नकाशातली नदी खऱ्या नदीला. मोबाईलमधला नकाशा आपण वळलो की वळतो. आमचा वळणार नाही, माणसाने त्याच्यावर उभं राहून वळायचं.

प्रमाण १:१००. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. कार्डशीटवर ४ सेंटिमीटरचे चौकोन, कोब्यावर ४० सेंटिमीटरचे, सोळा गुणिले बारा, एकूण १९२. रंगाचा हिशोब मुलांना दिला. पहिलं उत्तर आलं: कागदाला लागला त्याच्या दहा पट. लांबी दहा पट आणि रुंदीही दहा पट, म्हणजे क्षेत्रफळ शंभर पट. ३०.७२ चौरस मीटर. ग्रामपंचायतीने रंग दिला, एका पालकांनी ब्रश.

२० ते २४ जानेवारी

सकाळी सातला ऊन चढायच्या आत. सुतळीला चुना लावून चौकोन पाडले. प्रत्येक जोडीला बारा-तेरा चौकोन. कागदावरच्या चौकोनात रेघ कुठून शिरते आणि कुठून निघते तेवढंच पाहायचं. शेजारच्या जोडीच्या रेघेला रेघ मिळाली की ओरड. २ डिसेंबरला जे दोन कागद जुळत नव्हते, त्यांच्या मालकांनी शेजारशेजारचे चौकोन मुद्दाम मागून घेतले.

शीर्षक, दिशादर्शक बाण, सूची, मापाची पट्टी, चौकट, महिना-साल. पट्टी दोन मीटर लांब, तिच्यावर लहान मुलं पावलं टाकून पाहतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर गाव नकाशाभोवती जमलं. पहिली पाच मिनिटं कुणी आत पाय ठेवेना, रंग खराब होईल म्हणून. मग एका आजीने चपला काढल्या आणि विचारलं, "मन्हं घर कोठे शे?" नातवाने हात धरून नेलं. "आठे." ती घरावर उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, खऱ्या मारुतीच्या कळसाकडे पाहिलं, पायाखालच्या मारुतीकडे पाहिलं. मग कुणाला न विचारता गल्लीने चालत नदीवर गेली, चार पावलांत, आणि तिथून हात लांब करून म्हणाली की तिचं माहेर याच हाताला. ते गाव नकाशात नाही, पण हात अगदी बरोबर दिशेला होता, पारोळ्याकडे.

नाल्यापलीकडची मंडळी आली होती. तीन ठिपक्यांपाशी बराच वेळ थांबली.

१ फेब्रुवारी, शनिवार

आबांनी चूक काढली. जुनी विहीर आम्ही गल्लीच्या डाव्या अंगाला दाखवली होती, ती उजवीकडे आहे. टेप घेऊन गेलो. त्या गल्लीतला एक कोन उलटा लिहिला गेला होता, सहा मीटरचा फरक, कोब्यावर सहा सेंटिमीटर. मुलांनी जुनी विहीर खरवडली, नवी रंगवली.

चौकटीखाली आता असं लिहिलं आहे: "मोजणी : डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५. दुरुस्ती : १ फेब्रुवारी २०२५." खाली आणखी चार ओळींची जागा सोडली आहे. निळ्या रंगाचा अर्धा डबा उरला, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवला. जूनमध्ये सातवीत येणारी मुलं शिवाराची मोजणी करतो म्हणालीत. त्यांना साखळी हवी आहे, ३३ फुटांची.